भोंगा किती वेळ वाजवावा

हवालदार शालिकराम नगराळे कानाच्या तपासणीत नापास झाले, डॉक्टर दाणी टेबलाखाली गेले आणि दवाखान्याचं छत खाली आलं.

हे एकदा सांगून झालं. आता हे घडलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो, कारण त्या दिवशी सकाळी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि आमची योजना फार चांगली होती.

"मुरल्या, दिवा वर-खाली झाला का बोलाचं. बराबर?" हवालदारांनी विचारलं.

मी मान डोलावली. माझ्या टोपीवरच्या दिव्याचा झोत त्यांच्या पोटावरून कपाळापर्यंत गेला आणि परत आला.

"आंबा," हवालदार म्हणाले.

मी पुन्हा मान डोलावली.

"बैल."

"पास!" ड्रिलवर बसलेला डोमा ओरडला. "अजून थोडी प्रॅक्टिस केली त डॉक्टरच होऊन जातीन हे."

आम्ही बोरखडी नंबर दोनच्या पोटात बसलो होतो. डोक्यावर सातपुडा असल्यासारखा दगड, समोर कोळशाची भिंत, आणि मध्ये आम्ही तिघं: डोमा गेडाम कोळशात भोकं पाडायचा, हवालदार छताला लाकडाचे टेकू लावायचे, आणि मी, मुरलीधर चहांदे, त्यांना टेकू आणून द्यायचो. हवालदार एकाहत्तरच्या लढाईत तोफखान्यात होते. तोफेनं त्यांचे कान नेले. माणसाचं बोलणं अजिबात ऐकू यायचं नाही. बॉम्ब, ड्रिल असलं काही असलं तर कुठूनतरी लांबून यायचं. पण ही गोष्ट खाणीत कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. ड्रिल सुरू झाली की खाली सगळेच बहिरे. बोलायचं ते दिव्यानं. दिवा वर-खाली म्हणजे हो, ये, कर. दिवा आडवा म्हणजे छत येऊन राहिलं, जीव वाचव. हवालदार फक्त वर आल्यावरही तसेच बहिरे राहायचे, एवढाच फरक.

मला कळलं ते त्यांनी माझ्या मुस्काटात दिली तेव्हा. मी नवीन होतो. टेकू खांद्यावर घेऊन शीळ घालत चाललो होतो, आणि फाडकन बसली. खाणीत शिट्टी वाजवायची नाही, छत रागावतं, असं मानतात. डोमासुद्धा मानायचा, आणि डोमा बाकी काहीच मानत नव्हता.

"एवढी हळू वाजवली, तुमाले ऐकू कशी आली?" मी गाल चोळत विचारलं. दिव्याच्या उजेडात ते माझे ओठ बघत होते.

"ऐकू कायची येते? तोंड दिसलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कोनाले सांगजो नको."

मी फक्त डोमाला सांगितलं. डोमा म्हणाला, "मले मालूम हाय. पन तू कोनाले सांगू नको." पुढं चौकशी केली तेव्हा कळलं की बोरखडीत ज्या ज्या माणसाला माहीत होतं त्यानं दुसऱ्याला न सांगण्याची शपथ घेतली होती, आणि माहीत नसलेला माणूस सापडत नव्हता. फक्त साहेब लोक राहिले होते.

आणि नेमका साहेबांनीच नियम काढला. आतापर्यंत जो तक्रार करील त्याचेच कान तपासायचे, आता खाली काम करणाऱ्या प्रत्येकाचे. ज्याला ऐकू येत नाही त्याला वर आणायचं.

वर म्हणजे काही काळं पाणी नव्हतं. दिवे पुसा, नाहीतर मॅनेजरच्या बंगल्यातल्या गुलाबांना पाणी घाला. माणसं त्यासाठी नवस करायची. डोमा तर दोनदा बहिरेपणाचं सोंग घेऊन नापास व्हायला गेला होता. डॉक्टर दाणी त्याच्या पाठीमागं जाऊन नुसतं कुजबुजले, "गेडाम, पायाशी विंचू आहे." डोमा उडी मारून खुर्चीवर चढला आणि पास झाला. दुसऱ्यांदाही विंचवावरच पास झाला.

हवालदारांना मात्र वर जायचंच नव्हतं.

"पन कायले?" डोमा त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारायचा. "सावलीत बसाचं, फुलं पाहाची, मॅनेजरीनबाईचा चहा प्याचा."

"खाली बरं वाटते."

"अंधारात?"

"बरं वाटते, सांगतलं ना."

याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला विचारलं. शेवंताकाकू ज्वारी पाखडत होत्या. म्हणाल्या, "बापा, तू त्याईले खालीच राहू दे. रविवारी घरी असते तवा येड्यावानी करते. रेडिओ लावते मोठ्ठ्यानं आन् त्याच्यावर डोकं टेकून बसते. बातम्या नाई, गाने नाई, नुसती खरखर लावते. शेजारची मथुरा म्हनते, तुमच्या घरी काय तळून राहिले?"

"तुमी काय म्हनता मग?"

"मी काय म्हनू? ऐकते कोन?"

तर अशी परिस्थिती होती आणि योजना पुढीलप्रमाणे होती. डॉक्टर दाणी माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, आपण खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि कुजबुजत शब्द म्हणायचे. शब्द पाचच. आंबा, बैल, मीठ, चंद्रपूर, पन्नास. डॉक्टर आल्यापासून हेच आणि याच क्रमानं. बोरखडीच्या वसाहतीत पोरं लपाछपीत राज्य कुणावर हे ठरवायला हेच म्हणायची. म्हणजे काय बोलायचं हा प्रश्नच नव्हता. कधी बोलायचं एवढंच कळवायचं होतं. त्या भिंतीवर काचेच्या चौकटीत निरोगी दातांचं चित्र होतं. दाराजवळच्या स्टुलावर पुढचा नंबर बसायचा. पुढचा नंबर मी, माझ्या टोपीवर दिवा, दिवा काचेत. डॉक्टर कुजबुजले की मी मान डोलावायची. दातांमधून उजेड वर-खाली झाला की हवालदारांनी बोलायचं.

पाळी सुटल्यावर आम्ही अंगावरच्या काळ्या कपड्यांनिशी तसेच दवाखान्यात गेलो. बाहेर रांग होती, रांगेत डोमा विंचवाशी सामना करायच्या तयारीनं उभा होता.

"हा दिवा कशाला?" डॉक्टर दाणींनी मला विचारलं. सभ्य माणूस. नागपूरचे. शर्टावर नेहमी एक चहाचा डाग, पण रोज नवा.

"लॅम्प रूममधे जमा कराचा राहिला, साहेब."

"अरे, पण पेटवलाय कशाला? दिवसाढवळ्या?"

"लाइट गेली तर?"

हे त्यांना पटलं. बोरखडीत कुणालाही पटलं असतं.

हवालदार भिंतीशी ताठ उभे राहिले. डॉक्टर मागं सरकले, तोंडापुढं हात धरला आणि कुजबुजले. मी मान डोलावली.

"आंबा!" हवालदारांनी परेडच्या मैदानावर देतात तसा आवाज दिला. खिडकीवरचं कबूतर उडालं.

"हळू बोला, नगराळे. मी बहिरा नाही."

पुन्हा कुजबुज, पुन्हा मान.

"बैल!"

सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे अगदी सरकारी कामात चालायला नको इतकं सुरळीत. तेवढ्यात ॲनम्मा सिस्टर आतल्या दारानं हातात ट्रे घेऊन आल्या. केरळच्या, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. ट्रेवर सुया होत्या.

"चहांदे, तुझं रक्त घ्यायचं आहे. काही खाल्लंस का?"

मी होय म्हणून मान डोलावली.

"मीठ!" हवालदार गरजले.

डॉक्टरांचा हात तोंडापर्यंत जायचाच होता. ते जागच्या जागी थांबले. "मी अजून बोललोच नाही," ते म्हणाले.

हवालदार दातांकडे बघत उभे होते.

"चहा पण घेतला?" सिस्टरनी मला विचारलं. आता मान डोलावू नये हे मला कळत होतं, पण चहा घेतला होता आणि सिस्टरशी खोटं बोलायची बोरखडीत कुणाची छाती नव्हती.

"चंद्रपूर!"

"कमाल आहे," डॉक्टर पुटपुटले. "मी नुसतं मनात आणलं होतं." ते दोन पावलं आणखी मागं गेले, जवळजवळ माझ्या मांडीवरच आले, आणि हवालदारांच्या पाठीकडे अशा नजरेनं पाहू लागले जशी माणसं महाराजांकडे पाहतात.

"मग आज उपयोग नाही," सिस्टर म्हणाल्या. "उद्या उपाशीपोटी ये. मोठी सुई आहे. येशील ना?"

मोठ्या सुईच्या बाबतीत माझं मत लहानपणापासून पक्कं आहे. माझी मान जोरात आडवी हलली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

दातांवरून उजेड आडवा गेला.

"छत!" हवालदार ओरडले.

पुढचं सगळं एका दमात झालं. ते वळले, डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीला धरून त्यांना ओढलं आणि तपासणीच्या टेबलाखाली सारलं. सिस्टरना दाराच्या चौकटीत लोटलं, कारण चौकट पडत नाही. मला त्यांनी हात लावला नाही. मला समजतं असं त्यांनी धरलं होतं, आणि मला समजत होतंच. मी कधीच कोपऱ्यात उकिडवा बसलो होतो, डोक्यावर हात ठेवून. छत येत नाहीये हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, पण 'छत' ऐकल्यावर बसायचं की नाही हे माझे पाय मला विचारत नाहीत. बाहेर रांगेतल्या लोकांचंही तेच झालं. सगळी रांग एसटी स्टँडपर्यंत पळाली. डोमा सर्वांत पुढं. बहिरेपणाचं सोंग घ्यायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

हवालदारांनी इकडेतिकडे पाहिलं. टेकू नव्हता. कोपऱ्यात सलाईन अडकवायचा लोखंडी स्टँड होता. तो त्यांनी उचलून डॉक्टरांच्या खुर्चीजवळ छताला उभा लावला. थोडा कमी पडला. खाली रुग्णांचं वजन करायचा काटा सरकवला आणि तळहातानं एक, दोन ठोसे देऊन स्टँड घट्ट बसवला. मग एक हात स्टँडवर ठेवून ते शांत उभे राहिले. छत दाबायला लागलं की टेकूत झिणझिण्या येतात, त्या ते बघत होते.

"नगराळे," टेबलाखालून आवाज आला, "ही एकमजली इमारत आहे हो."

आणि छत आलं.

पूर्ण नाही. आपण उगाच वाढवून सांगत नाही. भाकरीएवढा गिलाव्याचा पोपडा, पण चांगला जाड, विटकरीच्या तुकड्यासकट, बरोबर डॉक्टरांच्या खुर्चीत पडला. खुर्चीचा पाय मोडला. आता तो हवालदारांनी स्टँड ठोकल्यामुळं पडला की आधीच पडायचा होता, यावर बोरखडीत दोन पक्ष आहेत. डोमाचा पक्ष म्हणतो, डॉक्टर त्या खुर्चीत बसले असते तर? दुसऱ्या पक्षाचा अजून नीटसा मुद्दा तयार झालेला नाही.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. केसांतला चुना झटकला. हवालदारांची पाठ त्यांच्याकडे होती.

"नगराळे," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्ही माझा जीव वाचवलात."

हवालदार स्टँडवर हात ठेवून छताकडे बघत होते.

"नगराळे."

काही नाही.

"नगराळे!"

कबूतर दुसऱ्यांदा उडालं. हवालदार हलले नाहीत. डॉक्टरांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या टोपीकडे. मग काचेतल्या दातांकडे. मी दिवा बंद केला.

डॉक्टरांनी पुढं जाऊन हवालदारांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांना आपल्याकडे वळवलं. "केव्हापासून?" ओठ मोठे करून त्यांनी विचारलं.

हवालदारांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या विझलेल्या दिव्याकडे.

"एकाहत्तर."

"मला अनफिट लिहावं लागेल. तुम्हाला खाली काही झालं तर..."

"साहेब," हवालदार म्हणाले, "पन्नास राहिला." आणि डॉक्टर काही बोलायच्या आत, परेडचा आवाज न देता, अगदी साधेपणानं म्हणाले, "पन्नास."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तरी नापास केलं. सभ्य माणसाचा हाच त्रास असतो.

आता हवालदारांना वर कुठं बसवायचं यावर ऑफिसात विचार झाला. गुलाबांना आधीच चार माणसं होती. त्याच महिन्यात भोंगा वाजवणारा शंकर निमगडे रिटायर झाला, कारण भोंग्याशेजारी बसून बसून त्याचे कान गेले होते. कंपनीनं असा विचार केला की भोंग्यानं माणूस बहिरा होतो, तर आधीच बहिरा असलेला माणूस बसवला म्हणजे नुकसान काहीच नाही. कंपनीनं केलेल्या विचारांत हा मला सर्वांत सरळ वाटतो. हवालदारांची भोंगाघरात बदली झाली.

आणि भोंगा लांबायला लागला.

बोरखडीत घड्याळं शोभेला असायची. जगायचं ते भोंग्यावर. भोंगा झाला की पोरं शाळेत, भोंगा झाला की भात उतरवायचा. निमगडेचा भोंगा शिंकेएवढा असायचा. हवालदारांचा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. कधी पोळी भाजून व्हायची, कधी तिला भोकं पडायची. मथुराबाईची म्हैस पान्हा चोरायला लागली. एका लग्नात भटजी मंगलाष्टकं थांबवून हात जोडून उभे राहिले, आणि भोंगा संपेपर्यंत नवरा-नवरी अंतरपाटाच्या वरून एकमेकांना बघून कंटाळले.

मॅनेजरनं मला बोलावलं. "तू त्याचा माणूस ना? त्याला समजाव. नाहीतर तिथूनही काढावं लागेल. मग घरी बसेल."

घरी बसतील म्हणजे रेडिओवर डोकं टेकून बसतील. मी गेलो.

भोंगाघर म्हणजे पत्र्याची खोली, भिंतीवर लोखंडी मूठ, आणि वर खांबावर तो मोठा कर्णा. दुपारच्या पाळीची वेळ झाली होती. हवालदारांनी मला पाहिलं, 'थांब' म्हणून बोट दाखवलं, आणि मूठ खाली ओढली.

माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. पत्रा, जमीन, माझी बरगडी, सगळं एका सुरात थरथरायला लागलं. मी कानांत बोटं घालून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. दाढ दुखत असलेल्या माणसाची कळ अचानक थांबावी तसा चेहरा झाला होता. कपाळावरची आठी, जी मी त्यांचा मूळ अवयव समजत होतो, ती गेली होती. बराच वेळ ते तसेच होते. मग डोळे उघडले, जरा गोंधळल्यासारखे झाले आणि मूठ सोडली. आठी परत आली.

"मॅनेजर म्हनते, लांबते," मी तोंड समोर नेऊन सांगितलं.

"हाव. लांबते."

"कायले पन?"

ते स्टुलावर बसले. मला वाटलं, आता म्हणतील, बरं वाटते.

"बाजीराव शेडगे नावाचा पोट्टा होता आमच्या तोफेवर," ते म्हणाले. "साताऱ्याकडचा. गोळे उचलून द्याचा. आन् शिट्टी वाजवाचा. दिवसभर. एकच गानं, तेही अर्धं. पुढचं येतच नव्हतं त्याले. तिथं आला का घसराचा आन् पुन्हा पयल्यापासून. मी म्हनो, बाजीराव, एक तर पूर्न शीक, नाहीतर तोंड बंद कर. तो म्हने, हवालदार, लढाई संपली का शिकतो."

मी बोललो असतो तरी ते खाली बघत होते.

"आमच्यावर गोळा पडला तवाही वाजवूनच राहिला होता. तो गेला. कान गेले. शिट्टी राह्यली." त्यांनी उजव्या कानाला बोट लावलं. "इथं. तेच अर्धं गानं. जेवताना, झोपताना, तुह्यी काकू बोलते तवा. ड्रिल चालू झाली का बुडाचं. खाली बरं वाटे."

"म्हनून मले मारलं होतं शिट्टी वाजवली तवा?"

"एक पुरे होती बे."

"राग येते त्याचा?"

"त्याचा? नाई. चांगला पोट्टा होता. पन चोवीस तास कोन ऐकन?"

"मंग आता," मी मुठीकडे बोट केलं, "बुडाला होता ना? मंग तुमी सोडता कधी? चालूच ठेवाचं, म्हैस गेली उडत."

त्यांनी यावर खरोखर विचार केला.

"पयले लय बरं वाटते," ते म्हणाले. "शांत. मंग थोड्या वेळानं वाटते, गेला कुठं हा? मंग सोडतो."

मी ऑफिसात जाऊन मॅनेजरला सांगितलं की भोंग्याची मूठ अडकते. इलेक्ट्रिशियन आला, मूठ बदलली. पुन्हा अडकली. पुन्हा बदलली. कंपनीनं पुढं कित्येक वर्षं बोरखडीच्या भोंग्यासाठी मुठी विकत घेतल्या आणि त्यांतली एकही खराब नव्हती. बायका पोळ्या आधीच उलटायला शिकल्या. म्हैसही शिकली.

मग कोळसा संपला आणि खाण बंद झाली. डोमा आता पूर्ण बहिरा आहे, खराखुरा, आणि त्याचा काही उपयोग नाही. हवालदार म्हातारे झालेत. दिवसभर घरासमोर बाजेवर बसतात. रेडिओ पुरत नाही. मी आठवड्यातून एकदा बंद खाणीच्या गेटवर जाऊन खाली दिलेला अर्ज कुलपाच्या वर चिकटवतो. कुणी काढत नाही, त्यामुळं एकावर एक चांगला थर जमला आहे.

प्रति,
मा. व्यवस्थापक, बोरखडी नंबर दोन (बंद).

महोदय, खाण बंद असल्यामुळे पाळी नाही व पाळी नसल्यामुळे भोंग्याची आवश्यकता नाही, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि भोंगा अद्याप खांबावर असून त्यात साळुंक्यांचे एक बिऱ्हाड वगळता अडथळा नाही. तरी तो रोज दुपारी एकदा वाजवण्याची व्यवस्था व्हावी. किती वेळ वाजवावा हे नियमात बसवता येणार नाही. हवालदार शालिकराम नगराळे समोर बाजेवर असतील. ते डोळे उघडून इकडेतिकडे कुणालातरी शोधू लागले की बंद करावा. त्याआधी करू नये, ही नम्र विनंती.